हाय म्हणतंय, पण दावत न्हाय

आधी माफी मागतो. आमच्या घरात पेनाचा उपयोग आजवर सहीपुरता झाला आहे, तोही अण्णांनी शर्टाच्या बाहीला दोनदा बोटं पुसून मग केलेला. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला माणूस मी, आणि चढलो तो संगणकशास्त्राची. त्यामुळे मी लेख लिहावा हे मलाच जरा अगाऊपणाचं वाटतं. कॉलेजचा अंक काढणाऱ्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "जे झालं ते झालं तसं सांग. उपमांच्या नादी लागू नकोस." तेवढ्या शब्दावर बसलो आहे. उपमा टाळायचा मनापासून प्रयत्न करतो. तरी एखादी आलीच, तर ती माझी नाही, पेठेची आहे असं समजावं.

मी चंदगड तालुक्यातला. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका घराच्या वरच्या खोलीत राहतो. घरमालकीणबाई खाली राहतात. कॉलेजला आलो तोपर्यंत मी संगणक पाहिला होता तो शाळेत, तोही पिवळ्या कापडाखाली झाकलेला. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सरांनी पडद्यावरची सगळी चित्रं घालवून नुसता काळा पडदा समोर आणला, तेव्हा बाकीची मुलं वैतागली, आणि मला मात्र बरं वाटलं. चित्रांची ओळख त्यांनाच होती. काळोखात आम्ही सगळे सारखेच.

सर म्हणाले, "दोन अक्षरं टाइप करा. एल आणि एस. एंटर मारा."

मारलं. लगेच चार-पाच नावं पडद्यावर उभी राहिली. संगणकाच्या त्या कप्प्यात ज्या फायली होत्या, त्यांची ती नावं. गावाकडं परड्यात उभं राहून "हाय का कोण घरात?" अशी हाक दिली की एकेक डोकं बाहेर येतं, तसंच. (ही पहिली. मॅडम, क्षमा करा.)

मग सरांनी त्याच दोन अक्षरांपुढं एक आडवी रेघ आणि आणखी एक एल जोडायला सांगितला. आता प्रत्येक नावाची एक अख्खी ओळ आली. आधी, या फायलीला कुणी काय करायचं त्याची परवानगी. मग मालक कोण. मग तो कुठल्या गटातला. मग आकार केवढा. मग शेवटचा हात कधी लागला. आणि सगळ्यांत शेवटी नाव.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. ते रोज विचारतात, मी रोज सांगतो.

"आज काय शिकवलं?"

"अण्णा, संगणकात कुठल्या कुठल्या फायली आहेत ते बघायला शिकवलं."



"बघाय? आणि बघाय शिकाय लागतंय व्हय रं? डोळं तर हाईत की तुला."

मी सांगायचा प्रयत्न केला की नुसतं बघणं नाही, मालक, गट, आकार, तारीख सगळं कळतं. त्यावर अण्णा म्हणाले, "हां, म्हंजे चौकशी." आणि समाधानानं फोन ठेवला. खरं सांगायचं तर सरांपेक्षा ते जास्त नेमकं बोलले.

कारण तोवर पेठेनं माझी तशीच चौकशी केलेली होती. आल्या आल्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर मला पहिला प्रश्न आला, "पावणं, कुणाकडं उतरलाय?" म्हणजे मालक कोण. दुसरा, "कुठल्या तालमीकडं?" म्हणजे गट. पेठेत तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. गणपती, भांडण, लग्न आणि फुटबॉल या चारही गोष्टी माणूस आपल्या तालमीतर्फे करतो. मी म्हणालो, मी कुठल्याच तालमीचा नाही. गाड्यावरचे सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. मग एकानं माझ्या दंडाकडं बघून आकार ठरवला, दुसऱ्यानं कधी आलो ते विचारलं. नाव मात्र कुणीच विचारलं नाही. आज दोन वर्षं होत आली, अजून मी पावणंच आहे.

परवानगीचा भाग घरमालकीणबाईंनी शिकवला. त्यांच्या फ्रिजमध्ये घरच्यांनी बघावं, ठेवावं आणि खावं. पाहुण्यारावळ्यांनी बघावं आणि खावं. मी बघावं. सरांनी परवानगीचा रकाना फळ्यावर समजावून सांगितला तेव्हा वर्गात पहिल्या फटक्यात तो मलाच कळला.

एवढं सांगायचं कारण, पुढं जे घडलं त्यात माझ्याजवळ एवढीच विद्या होती.

आमच्या घराला लागूनच एक तालीम आहे. तिचा फुटबॉल संघ आहे. संघाचा गोलकीपर आमच्याच बोळात राहतो आणि दिवसभर एका गॅरेजमध्ये दुचाक्या दुरुस्त करतो. पेठेत माझ्याशी सवडीनं बोललेला तो पहिला माणूस. तो फार बोलतो असं नाही. त्याच्यासाठी दोन वाक्यं म्हणजे सवड. यंदाच्या हंगामात गोव्यातल्या एका क्लबच्या प्रशिक्षकांनी त्याला निरोप धाडला: तुझा एक पूर्ण सामना बघायचा आहे, चित्रीकरण पाठव, आवडलं तर शिबिराला बोलावू. शिबिराला वयाची अट होती. पुढच्या वर्षी तो त्या अटीत बसणार नव्हता. म्हणजे या वेळी नाही, तर मग कधीच नाही.

पूर्ण सामना कुणाकडं असणार? मोबाइल सगळ्यांकडं होते, पण मोबाइल गोल जिथं होतो तिकडं वळतात. सेमी फायनलला आमच्या गोलकीपरनं जे काही अडवलं, ते अडवताना सगळी पेठ कपाळाला हात लावून उभी होती. चित्रीकरण करायला हात मोकळे कुणाचे असणार? एकच माणूस होता: तालमीचे काका.

काका निवृत्त आहेत. पूर्वी दुधाच्या गाडीवर होते. आता प्रत्येक सामना एका जुन्या कॅमेऱ्यावर घेतात, आणि तोही आपल्याच गोलच्या मागं बसून. एका वर्षी ते चुकून तिथं बसले आणि संघ जिंकला. तेव्हापासून आपल्या गोलची पाठ सोडायची नाही, मध्यंतरात बाजू बदलली की तेही उठून पलीकडं जातात. त्यामुळे त्यांच्या चित्रीकरणात समोरचा गोल मुंगीएवढा दिसतो आणि आमचा गोलकीपर पाठमोरा का होईना, पण पडदाभर दिसतो. गोव्याच्या प्रशिक्षकांना नेमकं हेच हवं होतं.

कॅमेऱ्यातला सामना काकांनी तालमीच्या संगणकात उतरवला होता आणि मग कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्यावर नातीचं बारसं घेतलं होतं. म्हणजे सामना जगात एकाच ठिकाणी होता. आणि तो संगणक बंद पडला.

शनिवारी दुपारी गोलकीपर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हाताला ऑइल तसंच होतं.

"तुमच्यात ते काळा पडदा शिकवत्यात म्हणालातास न्हवं?"

"हो."

"चल की जरा."

ही त्याची सवडीची दोन वाक्यं. संध्याकाळपर्यंत सामना पाठवायचा होता, हे मला जिन्यावरून उतरताना कळलं.

तालमीत आठ-दहा जण संगणकाभोवती उभे होते. तो संगणक तालमीतल्याच एका इंजिनिअर झालेल्या मुलानं भेट दिलेला, त्यानंच त्यात लिनक्स घातलेलं, आमच्या कॉलेजातल्या काळ्या पडद्यामागं असतं तेच. पूर्वी सामने उतरवायचं कामही तोच करायचा. तो दुसरीकडं राहायला गेला आणि काम काकांकडं आलं. आता चालू केला की चित्रं येतच नव्हती. काळा पडदा, इंग्रजीत काहीतरी तक्रार आणि खाली लुकलुकणारी एक रेघ.

"मेलाय," एकजण म्हणाला.

"मेलेलं लुकलुकतंय व्हय?" दुसरा.

मी खुर्चीवर बसलो. पासवर्ड विचारला. तो तालमीत सगळ्यांनाच ठाऊक होता. समोरच्या चहावाल्यानं तो गाड्यावरूनच ओरडून सांगितला. मी आत शिरलो आणि मला येत होतं ते केलं. एल, एस, एंटर.

नावं आली.

मागं एकदम "आँ?" झालं. लोक असे पुढं सरकले की माझं नाक पडद्याला लागायचं राहिलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोटांकडं इतकी माणसं आदरानं बघत होती. तो आदर पाचएक मिनिटं टिकला.

मॅचेस नावाच्या कप्प्यात गेलो. तिथं पुन्हा हाक दिली, या वेळी आडवी रेघ आणि एल लावून. सात-आठ ओळी आल्या. सगळे जुने सामने. सेमी फायनल त्यात नव्हती. या हंगामातलं काहीच नव्हतं. मी हे सांगणार, इतक्यात गर्दीतल्या एकानं पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्ये प्रत्येक ओळीत कुणाचं नाव हाय?"

"तो मालकाचा रकाना," मी म्हणालो. "संगणक ज्यांनी बसवला त्यांचं नाव दिसतं."

"मालक? तालमीच्या संगणकाचा मालक तो?"

"आणि त्याच्या पुढं परत त्याचंच नाव हाय की!"

"तो गट," मी म्हणालो. इथं मी गप्प बसायला हवं होतं.

"म्हंजे मालक बी तोच आणि तालीम बी त्याचीच? आणि आम्ही कोण?"

जो मालक नाही आणि गटातलाही नाही, तो संगणकाच्या नियमानं "इतर"; उत्तर तेच होतं. मी ते दिलं नाही. पण तो इंजिनिअर लग्नानंतर नेमका दुसऱ्या पेठेत राहायला गेला होता, हे मला माहीत नव्हतं. झालं. सेमी फायनल राहिली बाजूला. भेट दिलेल्या वस्तूवर आपलं नाव ठेवावं का, यावर तालीम दोन तटांत उभी राहिली. एकजण त्याला फोन लावायला निघाला. दुसरा म्हणाला, त्याच्या सासऱ्याला लाव. गोलकीपर भिंतीला टेकून घड्याळाकडं बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मॅच हाय का न्हाय तेवढं सांगा," आणि सगळे गप्प झाले.

"नाही दिसत," मी म्हणालो.

आता सगळ्यांच्या माना काकांकडं वळल्या. काका बाकावर बसले होते.

"काका, खरंच उतरवलासा न्हवं?"

"उतरवली म्हणून शंभरदा सांगितलं."

"कॅमेऱ्याची टोपी काढलीती?"

"तुझी काढू काय?" काका म्हणाले. "आरं, मी ठेवतोय. ठेवून नाव दिलं की जातंय. म्हणून परत ठेवाय जावं आणि तेच नाव द्यावं, तर म्हणतंय, या नावाचं आधीच हाय. हाय म्हणतंय, पण दावत न्हाय."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "काका, आमच्या साहेबांकडं पगारवाढ तशीच हाय." मलाही हसू आलं. गोलकीपर मात्र हसला नाही. तो काकांकडं बघत होता, आणि काका त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. त्या पोराचं शिबिर आपल्यामुळं जाणार, हे काकांच्या मनात येऊन बसलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी परत पडद्याकडं वळलो. वरची इंग्रजी तक्रार नीट वाचली. जागा शिल्लक नाही, असं ती म्हणत होती. संगणकात जागाच उरलेली नव्हती, म्हणून तो चित्रं काढू शकत नव्हता. किती जागा भरली आहे ते विचारायची कमांड मला येत होती. विचारलं तर म्हणाला, सगळी. पण समोर दिसत होत्या त्या सात-आठ जुन्या सामन्यांचे आकार मी मनात मिळवून बघितले, तर ते निम्मेही भरत नव्हते. म्हणजे आत आणखी कुणीतरी पाय पसरून बसलं होतं आणि हाकेला ओ देत नव्हतं.

तेव्हा मला सरांचं एक वाक्य आठवलं. ज्या फायलीचं नाव टिंबानं सुरू होतं, ती साध्या हाकेला बाहेर येत नाही. संगणक स्वतःची खासगी कामं तशा फायलींत ठेवतो. त्या दिवशी मी वहीत लिहून घेतलं होतं, पण टिंबानं नाव सुरू करणारा माणूस कुठं असतो, असंही मनात आलं होतं.

मी काकांना विचारलं, "काका, नाव काय दिलं होतं?"

"नाव काय द्यायचं? सेमी फायनल."

"नुसतं सेमी फायनल?"

"नुसतं कसं?" काका जरा रागावलेच. "आधी श्री घातल्याबिगर हात चालतोय व्हय?"

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर सामन्यांचा फळा होता, काकांच्याच अक्षरातला. वर मधोमध श्री, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा. पेठेत पत्रिका असो, वर्गणीची पावती असो नाहीतर धान्याची कोठी, पहिलं श्री आणि त्याला दोन्हीकडं रेघा, मग पुढचं.

"काका," मी म्हणालो, "श्रीच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा असतात. त्या कशा घातल्या?"

"त्या ह्या बटणांत घावंनात. इंग्रजीतच हाय सगळं. मग म्हटलं, देवाला काय, भाव कळतोय. रेघांच्या जागी दोन-दोन टिंबं दिली."

मी परत बटणांकडं वळलो. एल, एस, मग आडवी रेघ, आता एलच्या आधी ए. हा ए म्हणजे सगळे. लपलेले, रुसलेले, सगळे बाहेर या. एंटर.

पडदा वरून खालपर्यंत भरला. दोन टिंबं, श्री, दोन टिंबं आणि पुढं सामन्याचं नाव, अशा ओळींवर ओळी. हंगामातला एकेक सामना. काकांनी एकही चुकवला नव्हता. श्री मात्र सगळ्यांच्या आधी.

तालमीत जो ओरडा झाला, तो ऐकून चहावाला गाडा सोडून आत आला. ज्यानं टोपीचं विचारलं होतं त्यानं काकांच्या पाया पडायचं नाटक केलं. काकांनी त्याला उठू दिलं नाही.

"राहा तिथंच जरा," ते म्हणाले.

पण काम संपलं नव्हतं. जागा नव्हती तोवर चित्रं येणार नव्हती, आणि चित्रं आल्याशिवाय सामना गोव्याला कसा धाडायचा ते मला माहीत नव्हतं. ओळी नीट वाचल्यावर जागा कुणी खाल्ली तेही कळलं. सेमी फायनल पाच वेळा होती. ती दिसेना म्हणून काकांनी पुन्हा उतरवली, पुढं एक लावून. तीही दिसेना, मग दोन लावून. जीव तीळ तीळ तुटत होता म्हणून एकच सामना त्यांनी पाचदा ठेवला, आणि त्या मायेखाली संगणक आडवा झाला. पहिल्या चारांचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत एकच होता. पाचवीचा निम्मा, कारण तिथं जागा संपली. पहिलीवर तारीख सामन्याच्याच दिवसाची.

"बघा," काका सगळ्यांना म्हणाले. "त्याच दिवशी ठेवलेली. म्हणतोय काय मी?"

"काका, पहिली ठेवू," मी म्हणालो. "बाकीच्या चार पुसून टाकतो. जागा होईल, संगणक सुरू होईल."

काकांचा चेहरा बदलला.

"पुसायचं? श्री घातलंय त्यावर."

"हो, पण एक राहतीय ना."

"एक राहू दे न्हाय तर दहा राहू देत. श्री लिहिलेलं आपण हातानं पुसत न्हाय."

वाटलं, कुणीतरी समजूत घालील. पण गंमत अशी, की आजूबाजूचे सगळेच गंभीर झाले. आत्तापर्यंत टिंगल करणाऱ्यांनीही माना हलवल्या. श्रीच्या बाबतीत काकांचं काही खोटं नव्हतं. एकजण म्हणाला, "पेनड्राइव्हात घालून पंचगंगेत सोडूया." दुसरा म्हणाला, "नदीचं पाणी खराब करतोस काय?" घड्याळ पुढं सरकत होतं. गोलकीपर काकांच्या शेजारी जाऊन बसला, पण त्यांना काहीच म्हणाला नाही. त्यानं शब्द टाकला असता तर काकांनी ऐकलं असतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो टाकत नसावा.

आमच्या घरी आई एक करते. लग्नपत्रिका जुन्या झाल्या की रद्दीत टाकताना त्यांवरचा गणपती कात्रीनं अलगद कापून घेते आणि देव्हाऱ्यात ठेवते. मग उरलेला कागद चुलीत गेला तरी चालतो. मी भीत भीत विचारलं, "काका, तुमच्यात पत्रिका रद्दीत घालताना काय करता?"

"गणपती कापून घेतो की."

"मग तसंच करू. आधी या चारांच्या नावातलं श्री काढून घेतो. उरलं ते नुसतं चित्रीकरण. ते पुसू. श्री पहिल्यावर आहे तसं राहील."

काकांनी विचार केला. पेठेत कुणी इतका वेळ विचार केलेला मी पाहिला नाही.

"चारीचं श्री पहिल्यात गेलं म्हणायचं?"

"तसंच."

"मग हरकत न्हाय," ते म्हणाले, उठले, चपला काढून संगणकासमोर आले आणि पडद्याला हात जोडून उभे राहिले. त्यांच्या मागं बाकीच्यांनीही चपला काढल्या. मी खुर्चीत होतो आणि माझ्या पायात चपला होत्या. टेबलाखालीच त्या हळूच सोडल्या.

चारांची नावं बदलून साधी एक, दोन, तीन, चार केली. मग पुसायची वेळ आली. ही कमांड परत विचारत नाही, चुकलं तर चुकलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. एक. गेली. दोन. गेली. चौथी गेल्यावर परत यादी मागितली. पहिली जागेवर होती, आकड्याला आकडा जुळत होता. संगणक बंद करून चालू केला. चित्रं आली.

पाठवण्याआधी चालवून बघूया असं कुणीतरी म्हणालं. चालवली. चित्र छान होतं. पण काका गोलच्या मागं बसतात, कॅमेरा त्यांच्या हातात असतो आणि काका सामना गप्प बसून बघत नाहीत. "आरं आंधळ्या, डावीकडं बघ!" "झोपलास काय? हातरूण घालू?" आणि एक अप्रतिम झेप घेऊन त्यानं चेंडू बाहेर काढला तेव्हा, "आता कसं! जेवलास काय आत्ता?" सामन्याचे दोन्ही हाफ काकांनी असेच भरले होते. मध्येमध्ये असे शब्दही होते जे मी इथं लिहिले तर मॅडम छापणार नाहीत.

"आवाज बंद करून पाठवूया," काका हळूच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

गोलकीपर पहिल्यांदा हसला. "राहू दे. गोव्याच्या लोकांना कळू दे, कशात खेळतोय ते."

माझ्या मोबाइलच्या नेटवरून सामना धाडायला घेतला. तो जाईपर्यंत, काहीएक संबंध नसताना, काकांनी तालमीतल्या सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. न जाणो, तेवढंच नेट कमी पडायचं. दिवेलागणीला सामना गेला. सगळ्यांनी चहा घेतला. चहावाल्यानं मला विचारलं, "पावणं, तुमचं शिक्षण म्हंजे हेच व्हय? हाक मारायची?" मी म्हणालो, सध्या तरी एवढंच.

गोव्याहून उत्तर आलं नाही.

पहिले काही दिवस गाड्यावर रोज चौकशी व्हायची, "काय कळलं?" गोलकीपर नकाराची मान हलवायचा. मग तो गाड्यावरून न जाता मागच्या बोळानं गॅरेजला जायला लागला. तालमीत विषय निघाला की काका पाणी प्यायला उठायचे. मला भेटून एकदा हळूच म्हणाले, "आवाज बंद कराय पायजे हुता." मी म्हणालो, तसं काही नसतं. पण मलाही काय माहीत? शिबिरवाल्यांनी कदाचित पाहिलंही नसेल. पाहून सोडून दिलं असेल. गोव्यातल्या कुणाच्या तरी मशीनमध्ये तो सामना पडला होता, आणि तिथं हाक मारायची परवानगी आम्हाला नव्हती.

माझी परीक्षा झाली आणि मी गावी आलो. काजूचा हंगाम संपत आला होता. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येत नाही. वरच्या काजूच्या बागेत एक कातळ आहे, त्यावर उभं राहिलं की येते, तीही वारा असेल तशी. बोंडं पिळून बिया वेगळ्या करताना अण्णा रोज विचारायचे, "त्या पोराचं काय झालं रं?" त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. तरी संध्याकाळी टोपली घेऊन खाली उतरायच्या आधी ते मला म्हणायचे, "जा, कातळावर जाऊन बघ." मी जायचो, फोन वर धरायचो, खाली यायचो.

परवा कातळावर पोचलो तर फोन हातातच वाजला. काका होते. ते फोनवर असे बोलतात की फोनची गरज नसावी, तरी निम्मं वाऱ्यावर गेलं. "ऐकालाईस न्हवं? सकाळपास्नं लावालोय!" मग बराच वेळ नुसती खरखर. मी कातळाच्या अगदी टोकाला गेलो. अण्णा खालून बघत होते, टोपली तशीच हातात धरून.

"काका, काय झालं? परत सांगा!"

"आलंय म्हणालोय! बोलावणं आलंय रं! सोमवारी शिबिराला हजर व्हायचंय, उद्याच्या गाडीनं निघालाय तो गोव्याला!"